नवी लायब्ररी, जुनं मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशासाठी?

आमचं दोघांचं छोटं दुकान आहे. दूध संकलन केंद्रं आणि पतसंस्था यांच्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर करतो. हाताखाली नवीन मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, ही लायब्ररी टाकू का? एका ओळीत काम होतंय." लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड. ओळ एकच असते, खोटं नाही. पण त्या ओळीच्या मागून काय काय घरात येतं, ते दर वेळी तोंडी सांगून घसा दुखायला लागला, म्हणून लिहून ठेवलं.

एका लायब्ररीमुळे जुनं मशीन बंद कसं पडेल?

आमच्याकडे पडलंय. बिलावर सभासदांची नावं छापायची होती. आमच्या जुन्या पीडीएफ लायब्ररीला देवनागरीची जोडणी यायचीच नाही. 'शिंदे' मधली वेलांटी 'श'च्या डावीकडे बसायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन 'द'ला चिकटायची, 'क्षीरसागर' मधला 'क्ष' फुटून त्याचे दोन तुकडे व्हायचे. स्वतःचं नाव असं छापून आलं की माणूस चिडणारच. मग हार्फबझ (अक्षरं जोडून मांडणारा कोड) वापरून अक्षरं नीट जुळवणारी एक नवी लायब्ररी सापडली. तिला पायथन, म्हणजे आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो तिचं, ३.९ किंवा त्यापुढचं व्हर्जन हवं होतं आणि आम्ही ३.८ वर होतो. सरळ ३.१० वर गेलो, एक्सई (विंडोजवर थेट चालणारी फाइल) बनवली, आमच्या विंडोज १० वर चालवून पाहिली, सगळ्या केंद्रांना पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन. "दादा, सॉफ्टवेअर उघडतच नाही. बाहेर कॅन घेऊन लाइन लागलीय." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो: 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' अशा नावाची कुठलीशी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही, एवढाच एक चौकोन. मागे विंडोज ७ चा निळा डेस्कटॉप. पायथनने ३.९ पासून विंडोज ७ सोडलेलं आहे. त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन ३.८. लायब्ररीच्या पानावर विंडोज ७ चं नावही नव्हतं. तिने फक्त नवं पायथन मागितलं होतं, नवं विंडोज मागितलं ते पायथनने. अटीच्या पोटात दुसरी अट होती आणि ती आम्ही उघडून पाहिलीच नव्हती. त्या सकाळी केंद्रावर लिटर आणि फॅट वहीत लिहून घेतले.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या मशीनचा आधार कधी ना कधी सोडावा लागतो, त्यात पाप काही नाही. पण तो आपण ठरवून, तारीख सांगून सोडायचा. लायब्ररीने परस्पर सोडला आणि आपल्याला पहाटे फोनवर कळलं, असं होऊ द्यायचं नाही.

मग नावं चुकीचीच छापायची का?

नाही. जुनी एक्सई त्याच दिवशी परत पाठवली आणि मग डोकं शांत करून विचार केला की हे काम त्या मशीनमध्ये आधीपासून कोणाला येतं का? ब्राउझरला येतं. विंडोज ७ मध्ये मंगल फॉन्ट आहे. क्रोमचं १०९ हे त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन, पण देवनागरी तेही व्यवस्थित जुळवतं. म्हणून बिल एचटीएमएलमध्ये बनवलं आणि छपाई ब्राउझरवर सोपवली. नवी डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरच्या कोडवरचं अवलंबन, शून्य. समास जुळवण्यात दोन दिवस गेले आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने वेगळा छळ केला, पण शिंदे शिंदेच छापले गेले.

तेव्हापासून कोणी लायब्ररी सुचवली की माझा पहिला प्रश्न हाच असतो. दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

या अटी लपलेल्या असतात तरी कुठे?

भाषेच्या व्हर्जनमध्ये, हे वर आलंच. त्याहून फसवी जागा म्हणजे कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन. तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं, फक्त कंपायलर अपडेट केला आणि जुनं विंडोज गेलं. गो भाषेचं १.२० हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.२१ ला विंडोज १० लागतं. रस्ट भाषेने तेच २०२४ मध्ये १.७८ पासून केलं. खिडक्या-बटणांसाठी क्यूटी वापरत असाल तर ५.१५ पर्यंत विंडोज ७ चालतं, ६ ला नाही. वेबच्या भाषेत डेस्कटॉप अॅप बनवायच्या इलेक्ट्रॉनचं २२ हे शेवटचं, २३ पासून दार बंद.

लिनक्सवर अडतं ते बहुधा ग्लिबसीपाशी, म्हणजे सगळे प्रोग्रॅम ज्या मूळ सी लायब्ररीवर उभे असतात तिथे. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर बऱ्याचदा चालत नाही. जुन्यावर बांधलेला नव्यावर चालतो. याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्हीएस कोड, कोड लिहायचा एडिटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं १.८६ आलं आणि दूरच्या सर्व्हरवर जोडून काम करणाऱ्यांची जोडणी तुटली, कारण आतलं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) १८ वर गेलं होतं आणि त्याला ग्लिबसी २.२८ हवं होतं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्समध्ये २.१७ आहे, ते बाद झालं ते समजण्यासारखं. पण उबुंटू १८.०४ मध्ये २.२७! एका आकड्याने हुकलं. लोकांनी एवढी ओरड केली की १.८६.१ मध्ये इशारा दाखवून जुन्या सर्व्हरना वर्षभराची मुदत देण्यात आली. ही मुदत पहिल्याच दिवशी दिली असती तर ओरड झालीच नसती.

आणि ३२ बिट विसरू नका. बऱ्याच लायब्रऱ्या ३२ बिट विंडोजसाठी तयार बिल्ड (आयती बांधून ठेवलेली फाइल) देत नाहीत. डेअरीच्या टेबलावरचं मशीन ३२ बिट आहे की ६४, हे तिथल्या माणसाला विचारून उपयोग नाही. स्क्रीनचा फोटो मागवा.

२०२१ मध्ये पायथनवाल्यांचं रस्टवरून काय भांडण झालं होतं?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या विषयातलं सगळं त्या एका प्रसंगात आहे.

पायथनमध्ये 'क्रिप्टोग्राफी' नावाचीच एक लायब्ररी आहे. सर्टिफिकेट वाचणं, सही तपासणं, एन्क्रिप्शन, अशी कामं ती करते. ती थेट वापरणारे कमी. पण अॅन्सिबल, सर्टबॉट अशी सर्व्हर सांभाळायची पुष्कळ साधनं तिच्यावर उभी आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचं ३.४ व्हर्जन आलं आणि बिल्ड करायला रस्टचा कंपायलर लागू लागला. कारण पटण्यासारखं होतं. बाहेरून आलेला, कोणीही मुद्दाम बिघडवलेला असू शकेल असा डेटा सी भाषेत वाचणं म्हणजे मेमरीच्या चुकांना आमंत्रण. सुरक्षेच्या लायब्ररीत ती जोखीम कमी करावी, असं सांभाळणाऱ्यांना वाटलं.

ज्यांना तयार बिल्ड मिळत होतं त्यांना काहीच कळलं नाही. अडकले ते तीन प्रकारचे लोक. जुनं पिप (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) वापरणारे: त्या पिपला नव्या प्रकारची तयार बिल्डं ओळखताच यायची नाहीत, म्हणून ते निमूटपणे सोर्स उतरवून बांधायला बसायचं आणि 'रस्ट सापडत नाही' म्हणून कोसळायचं. दुसरे, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवायचं साधन) अल्पाइन लिनक्स वापरणारे: त्यावर ग्लिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असते आणि तिच्यासाठी तयार बिल्ड देण्याची पायथनमध्ये तेव्हा सोयच नव्हती, ती त्याच वर्षी पुढे आली. तिसरे खरे जुन्या प्लॅटफॉर्मवाले, म्हणजे जुन्या प्रोसेसरांची मशीन जपणारे: डेक अल्फा, एचपीचं पीए-रिस्क, मोटोरोला ६८०००, आयबीएमचं जुनं एस३९०. रस्टचा कंपायलर एलएलव्हीएम नावाच्या पायावर उभा आहे आणि या प्रोसेसरांसाठी तिथे चालणारी सोय नव्हती. सी चा जीसीसी हा कंपायलर तिथे चालत होता, म्हणून आजवर निभावलं होतं. जेंटू या लिनक्सच्या एका डेव्हलपरने तक्रार मांडली आणि गिटहबवरची ती चर्चा शेकडो प्रतिसादांपर्यंत गेली.

३.४ मध्ये रस्टशिवाय बिल्ड करायची एक पळवाट ठेवलेली होती. सप्टेंबर २०२१ मधल्या पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये तीही काढली. ते व्हर्जन ३.५ नव्हे, थेट ३५.० होतं, आकडे मोजण्याची पद्धतही त्यांनी त्याच वेळी बदलली.

त्यात चूक कोणाची होती?

माझं मत: निर्णय बरोबर होता, धक्का टाळता आला असता. ३.३ नंतर ३.४ असा आकडा पाहून कोणाला वाटेल की आत नवी भाषाच आलीय? कितीतरी लोकांना तर आपण ही लायब्ररी वापरतो हेच बिल्ड मोडल्यावर कळलं. ती कुणाच्या तरी डिपेंडन्सीची डिपेंडन्सी होती.

पण अल्फावाल्यांची बाजू मला पूर्ण पटत नाही. ती मशीन जुन्या हौशी लोकांनी प्रेमाने जपलेली आहेत, मान्य. मात्र फुकटात लायब्ररी सांभाळणाऱ्या दोन-चार माणसांनी, ज्यांच्या घरी ते मशीनच नाही, त्यावर टेस्ट करून द्यावं ही अपेक्षा जरा जास्तच होते. डेअरीचा सचिव मला पैसे देतो. त्याचं विंडोज ७ माझी जबाबदारी आहे, पायथनवाल्यांची नाही.

नंतर कोणी यातून काही शिकलं?

डेबियन या लिनक्सच्या एपीटीचं उदाहरण बघा. पॅकेज बसवणारं हेच साधन, म्हणजे ते चाललं नाही तर काहीच चालत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस त्याच्या सांभाळणाऱ्याने जाहीर केलं की मे २०२६ च्या आधी नाही, पण त्यानंतर एपीटीला रस्ट सक्तीचं होईल. ज्यांच्या पोर्टवर (एखाद्या प्रोसेसरसाठी केलेल्या डेबियनवर) रस्ट चालत नाही त्यांनी सहा महिन्यांत सोय करावी किंवा पोर्ट बंद करावं. पुन्हा अल्फा, पीए-रिस्क, ६८००० आणि सोबत एसएच४. बोलण्याच्या सुरावरून पुष्कळ जण दुखावले. पण तारीख दिली होती, कारण दिलं होतं, मुदत दिली होती.

नवी लायब्ररी नकोच. जुनं व्हर्जन पिन करून, म्हणजे तेच कायम धरून, ठेवलं तर?

वर्ष-दोन वर्षं उत्तम चालतं. मग सुरक्षेत एखादं भोक सापडतं आणि दुरुस्ती फक्त नव्या व्हर्जनमध्ये येते. पिन करण्यापूर्वी एवढं बघा, की जुन्या शाखेला दुरुस्त्या मिळतात का आणि किती दिवस मिळणार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचं भगदाड उघडलं तेव्हा मुख्य दुरुस्ती जावा ८ साठी आली, कारण २.१३ पासून त्यांनी जावा ७ सोडलेलं होतं. तरीही त्यांनी जावा ७ साठी २.१२ ची आणि जावा ६ साठी २.३ ची शाखा बाहेर काढून दुरुस्ती दिली. हे त्यांचं मोठेपण. तुमच्या लायब्ररीचं कोणी तसं करेल, हे धरून चालू नका.

आम्ही काहीच बदललं नाही, तर जुनं चालतच राहील ना?

नाही. प्लॅटफॉर्म स्वतःच्या पायाने खाली उतरत असतो. ३० सप्टेंबर २०२१ ला वेबसाइटांना फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं. ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये नवं मूळ सर्टिफिकेट नव्हतंच. केवळ एका पर्यायी सहीच्या युक्तीने ते फोन २०२४ पर्यंत तग धरून राहिले. जुनी ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) असलेल्या सर्व्हरवर मात्र त्याच दिवशी जोडण्या तुटल्या. कोणी लायब्ररी टाकली नव्हती, कोणी काढली नव्हती.

अँड्रॉइडवर हे कसं ठरवायचं?

तिथे निदान बिल्डच ओरडतं. लायब्ररीचं किमान एसडीके (अॅपला लागणाऱ्या अँड्रॉइडचा आकडा) २१ आणि तुमचं १९ असेल तर मॅनिफेस्ट (अॅपची माहिती देणारी फाइल) जोडतानाच लाल ओळ येते. नवीन मुलं नेटवर शोधून 'ओव्हरराइड लायब्ररी'ची ओळ टाकतात, लाल जातं, अॅप बनतं, आणि जुन्या फोनवर ती लायब्ररी पहिल्यांदा हाक मारली की अॅप कोसळतं. ही ओळ माझ्या परवानगीशिवाय टाकायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

चांगलं वागणं कसं असतं ते ओकेएचटीटीपी या इंटरनेटवर जोडणाऱ्या लायब्ररीकडून शिकावं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३.१३ ला अँड्रॉइड ५ सक्तीचं केलं, कारण टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) त्याआधीच्या फोनवर आपोआप चालू नसायचं. पण ३.१२ ची शाखा जुन्या फोनांसाठी २०२१ संपेपर्यंत सांभाळली.

नुसत्या तारखा-वेळांच्या नव्या क्लासेससाठी किमान एसडीके २६ करू नका. डीशुगरिंग (नवा कोड बिल्ड करताना जुन्या फोनला समजेल असा करण्याची सोय) चालू केलं की तेच क्लासेस जुन्या फोनवर मिळतात.

किती टक्के लोक जुन्यावर उरले की सोडायचं?

टक्के काढू नका, नावं काढा. प्ले कन्सोलमध्ये अँड्रॉइडच्या व्हर्जननुसार आकडे दिसतात, ते बघाच. पण आमच्यासारख्यांकडे ग्राहकांची यादी असते. 'दोन टक्के' म्हटलं की सोडायला सोपं जातं. 'धरणाच्या कडेचं ते केंद्र, जिथे दुसरं मशीन मिळायला आठ दिवस लागतात' म्हटलं की हात थबकतो. थबकू दे.

नमपाय आणि बाकीच्या विज्ञानाच्या पायथन लायब्रऱ्यांनी मात्र सरळ नियम केला आहे, पायथनचं व्हर्जन आल्यापासून तीन वर्षांनी त्याचा आधार सोडायचा. त्यांना तो शोभतो. तिथला वापरणारा स्वतःच प्रोग्रॅमर असतो, अपडेट करू शकतो. डेअरीच्या सचिवाला तो नियम लावला तर महिनाभरात ग्राहक जातील.

ग्राहकाला सरळ 'मशीन बदला' सांगू नये का?

सांगावं, पण मशीन का टिकलंय ते आधी बघावं. बहुतेक ठिकाणी काटा आणि फॅट मशीन जुन्या सीरियल पोर्टला जोडलेलं असतं. संगणक बदलायचा म्हणजे ती सगळी जोडणी पुन्हा करायची, तीही दोन संकलनांच्या मधल्या वेळात. मशीनची किंमत तुम्हाला दिसते, तो खोळंबा दिसत नाही. दुसरीकडे, विंडोज ७ च्या फुकट दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या आणि पैसे भरून मिळणाऱ्याही जानेवारी २०२३ मध्ये. पतसंस्थेचं मशीन असं असेल आणि त्यावर इंटरनेट चालू असेल तर मी स्पष्ट सांगतो, बदला. तिथे लोकांचे पैसे आहेत. डेअरीवरचं इंटरनेटशिवायचं मशीन आणखी वर्षभर राहिलं तर माझी झोप उडत नाही.

लायब्ररी न घेता तेवढं काम स्वतः लिहिलं तर?

दहा-पंधरा ओळींचं असेल तर लिहा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' ही अकरा ओळींची लायब्ररी एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांच्या साठ्यातून) काढली गेली आणि जगभरातली बिल्डं आडवी झाली. एवढंसं काम उसनं कशाला आणायचं? पण एन्क्रिप्शन, टाइमझोन, देवनागरीची जोडणी यांना स्वतः हात लावू नका. तिथे प्रत्येकाला वाटतं की जमेल.

डोळे झाकून घ्यावी अशी एक लायब्ररी विचारलीत तर एसक्यूलाइट, डेटा साठवणारी. साधं सी, सगळं एका मोठ्या फाइलमध्ये मिळतं, आणि २०५० पर्यंत सांभाळायचा त्यांचा इरादा त्यांनी लिहून ठेवलेला आहे.

टेस्ट कशावर करायची?

ज्यावर चालणार त्यावर. आमच्या कपाटात विंडोज ७ चं ३२ बिट मशीन आहे, भंगारवाल्याकडून घेतलेलं. व्हर्च्युअल मशीनही चालतं, पण काट्याचा पोर्ट तिथे नीट कळत नाही.

सोडायचंच ठरलं तर कसं सोडायचं?

किमान काय लागतं ते एका जागी लिहा, आणि ते बदललं की व्हर्जनचा मोठा आकडा बदला. शेवटचं चालणारं बिल्ड नाव देऊन बाजूला ठेवा; पुसू नका. पायथनचं पॅकेज असेल तर त्यात 'किमान पायथन'ची नोंद भरा. पिप ९ पासून ती पाळली जाते आणि जुन्या पायथनवाल्याला आपोआप जुनं व्हर्जन मिळतं, त्याचं काही मोडत नाही.

आणि माणसाला माणसाच्या भाषेत सांगा. डीएलएलचा चौकोन दाखवू नका. आम्ही इनो सेटअपमध्येच (प्रोग्रॅम बसवणारी फाइल बनवायचं साधन) विंडोजचं व्हर्जन तपासतो, कारण मुख्य प्रोग्रॅम तिथे उघडतच नाही, तो संदेश काय दाखवणार! तिथे असं लिहिलंय: 'या संगणकावर विंडोज ७ आहे. हे नवीन व्हर्जन त्यावर चालत नाही. तुमचं आत्ताचं सॉफ्टवेअर आहे तसंच चालू राहील, डेटाला धक्का लागलेला नाही. आम्हाला फोन करा.' यातलं तिसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं. ते नसताना एका केंद्राने घाबरून महिन्याची सगळी बिलं वहीत उतरवून काढली होती.

पहाटे फोन आलेल्या त्या केंद्राचं मशीन अजून तेच आहे का?

नाही, बदललं. आमच्या सांगण्यावरून नव्हे; पावसाळ्यात वीज पडली आणि मदरबोर्ड जळाला. नवीन मशीन विंडोज ११ चं आलं, त्याला सीरियल पोर्टच नव्हता. यूएसबीचा कन्व्हर्टर आणला तर त्याच्या ड्रायव्हरने काटा ओळखायला नकार दिला, आणि त्या संध्याकाळचं दूध पुन्हा वहीत लिहिलं गेलं.